बसाप्पाच्या दुकानातला आमचा दिवा

१८ नोव्हेंबर १९९७

आज टबात काडेपेटी तरंगली.

आमचा गडी शामू एक लोकरी कोट पांढऱ्या पेट्रोलमध्ये सोडत होता. कोट खाली गेला आणि आतल्या खिशातनं काडेपेटी वर आली, होडीसारखी गोल फिरत. शामूनं हात काढून घेतले आणि भिंतीला जाऊन टेकला. मी लाकडी काठीनं ती हळूच कडेला घेतली, परसात नेऊन वाळूत पुरली. झालं काहीच नाही. पण मग शामूला चहा प्यायला पाठवलं आणि मी नुसताच बसलो.

खिसे रिकामे करणं हे इंदूचं काम. आम्ही नवरा-बायकोनं हे ड्रायक्लीनिंगचं दुकान काढल्यापासून तिचंच. नाणी, तिकिटं, सुपारी, एकदा कुणाचं तरी प्रेमपत्र. काडेपेट्या ती डब्यात टाकते आणि संध्याकाळी समोर बसाप्पाच्या किराणा दुकानात देऊन येते. आजवर एकही तिच्या हातून निसटलेली नाही. विचारलं तर म्हणाली, "मी बघितला होता की तो कोट."

कॉलरच्या आत तिनं गिऱ्हाइकाचा नंबरही दोऱ्यानं टिपलेला होता. म्हणजे कोट हातात आला होता.

२१ नोव्हें.

तुळशीची लग्नं झाली, शालूंची रांग लागली. हळदीचे डाग. हळद पांढऱ्या पेट्रोलनं (पां.पे.नं) जात नाही हे गिऱ्हाइकाला दरवर्षी नव्यानं सांगायचं. तूप जातं, तेल जातं, अत्तर जातं. हळद राहते.

एक ओळ सुचली: रेशमा, तुला आठवते का कुणाच्या अंगाची हळद. दुसरी येत नाही. शाळेत असतो तर मास्तरांनी पाटीवर पुरी करून दिली असती.

इंदूनं आज दोनदा विचारलं, शामूला मुलं किती. शामूनं दोन्ही वेळा सांगितलं, दुसऱ्या वेळी जरा हळू.

२५ नोव्हें.

थंडी कोरडी पडलीय. अशा दिवसांत मला जास्त भीती वाटते. लोकर आणि रेशीम एकमेकांवर घासलं की अंगात कळ येते, अंधारात बघितलं तर ठिणगी दिसते. म्हणून टबाला तांब्याची तार आणि ती परसातल्या गाडलेल्या सळीला. टबाला हात लावण्याआधी सळीला हात लावायचा. अंगात सुती सदराच, नायलॉन नाही. कापड बुडवायचं, हलवायचं, चोळायचं नाही. फरशीवर पाणी मारायचं. शामू आताशा हे सगळं सांगितल्याशिवाय करतो. मी तरी सांगतोच. तो म्हणतो, "मालक, देवाच्या पाया पडल्यासारखं रोज त्या सळीच्या पाया पडतोय मी."

त्याला हसू येतं म्हणून मलाही आलं. पण धुण्याची खोली आणि पुढचं दुकान यांच्यामध्ये तो गुडघाभर उंच उंबरा मी उगीच बांधून घेतला नव्हता. पां.पे.ची वाफ वर जात नाही. पाण्यासारखी जमिनीवरनं सरपटत जाते, उतार शोधते, कोपऱ्यात जाऊन बसते. कुठं दिवा असला तर तिथवर स्वतःच्या पायानं जाते. नवीन माणसाला हे पटत नाही, कारण दिसत नाही.

२ डिसेंबर

संध्याकाळी गिऱ्हाईक नव्हतं. इंदू घड्या घालत होती आणि एकदम तिसरीच्या पुस्तकातली संध्याकाळची कविता म्हणायला लागली. मी पण म्हणालो. तिची शाळा गडहिंग्लजच्या पलीकडची, माझी इथली, पण पुस्तक एकच होतं. आमची चाल जरा निराळी. गुरं घरी येतात, आई चुलीशी, धाकट्याला अंधाराची भीती वाटते, तो परत परत विचारतो आणि शेवटी दिवा लागतो. एक शब्द चुकली नाही ती. सकाळी तिनं मला विचारलं होतं, आज कुठला वार. दुपारी पुन्हा. आणि कविता कशी, उन्हात वाळत घातलेल्या पातळासारखी, सलग.

फार बरं वाटलं. पुष्कळ दिवसांनी.

३ डिसें.

आजही म्हणालो. शामू बाहेर येऊन ऐकत उभा राहिला. म्हणाला, त्यानं शाळा अर्ध्यात सोडली, पण ही त्याला पण येते.

कविता संपल्यावर इंदू उठली आणि बसाप्पाकडं गेली. आमचा दिवा तिथंच. दुकान काढलं त्याच आठवड्यात तिनं विचारलं होतं, दुकानात तिन्हीसांजेचा दिवा नाही लावायचा तर मग काय. मी म्हणालो, इथं ज्योत नाही, कधीच नाही, उदबत्तीसुद्धा नाही. ती उठली आणि रस्ता ओलांडून गेली. बसाप्पाचं लग्न तेव्हा नुकतंच झालं होतं. त्यानं बसवेश्वरांच्या तसबिरीखाली फळी होती ती सरकवून दिली. म्हणाला, "वैनी, तुमचा बी इथंच लावा की. माझ्या दिव्याला बी सोबत." तेव्हापासून त्याच्या दुकानात दोन दिवे लागतात. ती दिवा लावते, आमच्या दुकानाकडं तोंड करून हात जोडते आणि परत येते. त्याची बायको गेली त्या संध्याकाळी त्याचा दिवाही इंदूनंच लावला होता.

९ डिसें.

लिहवत नाही, पण लिहितो.

तिन्हीसांजेला वीज गेली. शामू आत डब्यातनं टबात पां.पे. ओतत होता, लोखंडी नरसाळं लावून. अंधारात ओतू नको, झाकण लाव, असं सांगायला मी उंबरा ओलांडून आत गेलो. त्याआधी इंदू आणि मी कविता म्हणत बसलो होतो, ती संपली होती. मला वाटलं ती बसाप्पाकडं गेली.

ती गेली नव्हती. गल्ल्याखालच्या डब्यातली काडेपेटी तिनं घेतली होती. खोबरेल तेलाची बाटली तिच्या पिशवीत असतेच, डोक्याला लावायची. वाटी पाणी प्यायची. वात पदराच्या काठाची, दातांनी फाडून काढलेली. आणि दिवा काउंटरवर.

मी बसाप्पाचा आवाज ऐकला. "वैनी." एकदाच. बाहेर आलो तर त्यानं रस्ता ओलांडून तळहात वातीवर दाबला होता. गरम तेल त्याच्या मनगटावरनं ओघळत होतं. तो हात काढेना.

उंबऱ्यानं वाचवलं. शामूनं नंतर खाली वाकून बघितलं, वास उंबऱ्याच्या काठापर्यंत आला होता म्हणे. मला कळत नाही. माझं नाक केव्हाच मेलंय, इंदूचंही.

इंदू बसाप्पाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "का विझवलासा? आमच्या घरात कोण मेलंय?"

१० डिसें.

बसाप्पाच्या हाताला पट्टी. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. तो म्हणाला, "अण्णा, जोंधळ्याची पोती डाव्या हातानं बी उचलत्यात." मग तराजूचा काटा पुसायला लागला.

काडेपेट्यांचा डबा आजपासून दुकानात नाही. खिसे शामू बघेल.

१५ डिसें.

डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी इंदूला गावाचं नाव, मुलीचं नाव, महिना विचारला. मुलीचं नाव आलं. महिन्याला ती म्हणाली, थंडीचा. डॉक्टर हसले, म्हणाले बरोबरच आहे.

वयानं होतं म्हणाले. मी पेट्रोलाचं विचारलं. इतकी वर्षं ती त्या वासात बसली, काउंटरला का होईना. आम्ही दोघंही. ते कागद चाळत म्हणाले, यावरनं काही सांगता येणार नाही. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मला दोहोंपैकी एक हवं होतं.

येताना रंकाळ्यावर बसलो. भेळ खाल्ली. तिला तिखट लागलं नाही.

२० डिसें.

दुपारनंतर इंदूला दुकानात आणायचं नाही असं ठरवलं. घरी शेजारच्या काकू बसतात तिच्याजवळ. तिन्हीसांजेला ती त्यांचा हात सोडवून दुकानात आली. चपला नाहीत पायांत. म्हणाली, "अहो, दुकान काळोखात ठेवलंसा. लोक काय म्हणतील."

आणि गल्ल्यामागं बसून कविता म्हणायला लागली. माझ्यासाठी थांबली, ओळीच्या मध्येच. मी म्हणालो नाही. ती परत पहिल्यापासून म्हणाली, परत थांबली.

म्हणायला हवं होतं का? कविता संपली की ती दिवा लावायला उठते. हे आता मला कळलंय. संपलीच नाही तर उठणार नाही, म्हणून मी शेवटचं कडवं येऊ देत नाही. तिची एकच गोष्ट जशीच्या तशी उरलीय आणि मी तिला तीच पुरी करू देत नाही.

२८ डिसें.

वसू आली, हुपरीहून. एकुलती पोर, पण लहानपणापासून घरातली मोठी तीच. चांदीचे पैंजण घडवणाऱ्या घरात दिलेली. आल्या आल्या दुकानात चक्कर मारली, आईच्या पिशवीतनं एक काडेपेटी काढली. कुठून आली देव जाणे.

मग मला परसात घेऊन गेली. म्हणाली, "अण्णा, आईला घेऊन जाते."

मी म्हणालो, तुमच्या घरात तर दिवसभर भट्टी, फुंकणी. ती आगीत हात घालेल.

"आमच्या घरात आग सगळ्यांना दिसती. सासू हाय, जावा हाईत, कोण ना कोण बघतंय. तुमच्या दुकानातली दिसत न्हाई."

मी म्हणालो, लग्नसराई होऊ दे.

"मग दुकान बंद करा. दोन्हीतलं एक करा अण्णा. आईला दोन्ही मिळून मारू नका."

बोलून तीच रडली. नंतर माझ्यासाठी पिठलं केलं.

४ जानेवारी १९९८

दुकान बंद करायचं म्हणजे काय, याचा विचार करत बसलो. शालू वाळत घातलेले असतात परसात, दोरीवर, वास जाईस्तोवर. वाऱ्यानं फुगतात. एका वेळी पंधरा-वीस नवऱ्या उभ्या असल्यासारख्या. लहानपणी मास्तर विचारायचे, मोठेपणी कोण होणार. मी म्हणालो होतो, कवी. वर्ग हसला होता. परसात त्या दोऱ्यांखालनं चालताना मला वाटायचं, फार काही चुकलं नाही.

हे सगळं तराजूत इंदूसमोर ठेवण्यासारखं आहे का? नाही. तरी ठेवून बघतोय.

११ जाने.

आज ती पुन्हा आली. मी दारातच तिला धरलं आणि रस्त्यापलीकडं बसाप्पाकडं नेलं. फळीवर दोन दिवे. तिनं आपला दिवा ओळखलाच नाही. म्हणाली, "हे बसाप्पाचं घर. आमच्या घरी अव्वा वाट बघत असंल." अव्वा म्हणजे तिची आई. जाऊन जमाना झाला.

बसाप्पा म्हणाला, "अव्वांनीच सांगितलंय वैनी, आजचा इथं लावा."

लावला. आणि किती सुंदर हसली.

१४ जाने.

संक्रांत. तिळगूळ घेऊन वसू आणि जावई आले. इंदूला आठ दिवसांसाठी नेलं. आठच दिवस असं तिघांनीही म्हटलं. बसमध्ये खिडकीजवळ बसवली. मला हात केला नाही, बाहेर उसाची गाडी चालली होती तिच्याकडं बघत होती.

संध्याकाळी दोन्ही दिवे बसाप्पानं लावले, डाव्या हातानं.

२ फेब्रुवारी

आठ दिवस कधीच संपले. मी रविवारी जातो. हुपरीची बस, मग चालत. दर घरातनं ठोकण्याचा आवाज. वसूच्या घरात माजघराच्या बाजूला भट्टी. जावई फुंकणीनं ज्योत वाकवून चांदीला डाख लावत बसतो, कडीला कडी जोडत. इंदू त्याच्यापासून चार हातांवर, पण ज्योतीकडं बघत शांत. वसू सांगत होती, तिन्हीसांजेला आई कविता म्हणते, घरातली सगळी गप्प बसतात, कविता संपली की ती दिवा लावते आणि मग झोपते, रात्रभर उठत नाही. इंदूच्या लहानपणी तिच्या माहेरी असंच होतं म्हणे. अव्वा सगळ्या भावंडांना ओळीत बसवून म्हणून घ्यायची, मग दिवा.

इतकी वर्षं संसार केला, हे मला माहीत नव्हतं. तिनं सांगितलं नव्हतं, की मी विचारलं नव्हतं.

मी त्या वेळेपर्यंत थांबलो नाही. शेवटची बस.

१० फेब्रु.

शामूनं आज प्लॅस्टिकचा डबा आणला, लोखंडी डबा गळतो म्हणून. मी ओरडलो. प्लॅस्टिकला तार लावून उपयोग नाही, ओततानाच ठिणगी पडते, किती वेळा सांगितलंय. तो म्हणाला, "मालक, तुमी आज सकाळधरनं तीनदा टबाचं झाकण उघडं ठेवलंय. मी लावतोय."

खरं असावं. तो खोटं बोलत नाही.

झाकण लावायला मी विसरतो. तीन वेळा.

१५ फेब्रु.

काल वसूकडनं निरोप, आईला ताप होता, उतरला. आज गेलो नाही, दोन शालू द्यायचे होते. दिवसभर स्वतःवर चिडलो. शालू नेणारे आलेच नाहीत.

८ मार्च

हे नीट लिहायला हवं.

या वेळी थांबायचं ठरवून गेलो होतो. तिन्हीसांज झाली. जावयानं भट्टी आवरली. पोरं आली, सासूबाई आल्या. इंदू मधोमध पाटावर, हिरवं लुगडं, वसूनं घट्ट वेणी घातलेली. मी तिच्या शेजारी जाऊन बसलो, दिव्याजवळ. तिनं कविता सुरू केली आणि मीही म्हणू लागलो. डिसेंबरनंतर पहिल्यांदा. चाल माझी निराळी, तरी तिनं सांभाळून घेतली. शेवटचं कडवं आम्ही दोघांनी म्हटलं, पुरं.

मग तिनं काडी ओढली. ओढून थांबली आणि माझ्याकडं बघितलं. नीट, वरपासनं खालपर्यंत, जसं दुकानात नवीन गिऱ्हाइकाकडं बघायची. काडी हातात जळत होती, तिनं फुंकून टाकली.

"पावणं, कुठल्या गावचं?"

वसू म्हणाली, "आई, अण्णा हाईत."

इंदूनं तिकडं लक्ष दिलं नाही. ती मला म्हणाली, अगदी गोड, समजावून सांगतात तसं, "राग मानू नका. तुमच्या कापडाला पेट्रोल असतंय. दिव्यापासनं जरा लांब बसा."

मी उठून दाराशी जाऊन बसलो. मग तिनं दुसरी काडी ओढली.

९ मार्च

तिला वास आला की तिला आठवलं? नाक तर मेलेलं होतं. की तिकडच्या हवेत परत जिवंत झालं? सकाळी निघताना वसूला विचारलं, ती म्हणाली, येतो अण्णा, तुम्ही घरात आला की सगळ्यांनाच येतो, आम्ही कधी बोललो नाही.

मी काल अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून गेलो होतो.

मला ती विसरली. नियम नाही विसरली.

१२ मार्च

होळी. गल्लीत लाकडं रचली. दरवर्षीप्रमाणं मंडळाच्या पोरांना सांगून आलो, आमच्या दारापासून लांब. दरवर्षीप्रमाणं त्यांनी "व्हय अण्णा" म्हणून जवळच रचली. फरशीवर पाणी मारलं, उंबऱ्याला ओली पोती लावली, टबाचं झाकण बघितलं, परत बघितलं. बसाप्पा वाळूची बादली घेऊन आमच्या पायरीवर बसून राहिला, आग विझेस्तोवर. मी म्हणालो, जा घरी. तो म्हणाला, "वैनी असत्या तर त्या बसल्या असत्या की."

१६ मार्च

दुकान बंद करतोय. शामूशी बोललो. राजारामपुरीत ड्रायक्लीनिंगच्या मशीनवाल्याकडं त्याला काम मिळेल, मी शब्द टाकलाय. तो जाऊन बघून आला. म्हणाला, "बरं हाय मालक. मशीनला झाकण हाय, आपोआप लागतंय. पण कविता न्हाय तिथं."

उरलेलं पां.पे. डब्यांतनं भरून पुरवठादाराला परत. गटारात एक थेंब नाही. शामूनं सळीवरनं तार सोडवली आणि शेवटचं म्हणून सळीला हात लावला. या वेळी हसला नाही.

शालूंची गिऱ्हाइकं येताहेत, परत जाताहेत. काही रागावली. एक बाई म्हणाल्या, आमच्या आईचा शालूसुद्धा तुम्हीच धुतला होता.

१९ मार्च

टब उपडा केला. फरशी सोडा घालून घासली. पुढची-मागची दारं दिवसभर उघडी. वसूला निरोप धाडलाय: दुकानात आता पेट्रोल नाही, काउंटरवर फळी ठोकतोय, दिव्याची. तिचं उत्तर आलं, आई इथं शांत आहे, हलवली तर काय होईल सांगता येत नाही, आपण बघू. बरोबर आहे तिचं.

तरी फळी ठोकली. बसाप्पाच्या फळीच्या मापाची.

२४ मार्च

भिंतीत मुरलेला वास किती दिवसांत जातो, हे आजवर मला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून माहीत नाही. सगळे सदरे बसाप्पाच्या भाच्याला देऊन टाकले, नवीन दोन शिवायला टाकलेत. रविवारी त्यांतला एक घालून जाईन. ती म्हणेल तिथं बसेन.

माझ्या नाकावर भरवसा नाही. म्हणून रोज तिन्हीसांजेला बसाप्पा स्वतःचा दिवा लावून येतो, आमचा हातात तसाच घेऊन, न पेटवलेला. उंबरा ओलांडून आत जातो, गुडघ्यावर बसतो, कोपऱ्यात तोंड खाली घालतो, कारण वाफ खालीच बसलेली असते. मी दारात उभा. तो उठतो, गुडघे झटकतो.

"अजून हाय, अण्णा," म्हणतो. आणि आमचा दिवा परत त्याच्याकडं घेऊन जातो.